तो आत्मा, ती आत्मा

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी आमच्या कॉलनीतली मुलं भुतं होतात. याला आता तीन वर्षं झाली. पांढऱ्या चादरी, डोळ्यांखाली काजळ, प्लास्टिकचे दात, आणि हातात चॉकलेटं गोळा करायला आईची जुनी पर्स. माझ्या मुलीला मी त्यात कधी जाऊ दिलं नाही. भुताखेतांची पूजा करू नये आणि त्यांच्याशी खेळूही नये, हे मला लहानपणापासून घरात शिकवलं गेलं, आणि मला ते अजूनही पटतं. पण गेल्या वर्षी मला कळलं की माझी मुलगी सात महिने आमच्याच घरात घाबरून राहत होती, आणि तिला घाबरवणारा बाहेरचा कुठला सण नव्हता. तो मी होतो. रोज संध्याकाळी, हात जोडून, डोळे मिटून मी तिला घाबरवत होतो.

बायको म्हणते, "झालं ते झालं, काहून उगाळत बसता." ती नर्स आहे. झालेल्या गोष्टीला पट्टी बांधून पुढच्या खाटेकडे जाणं तिला जमतं. मला जमत नाही. म्हणून लिहितो आहे.

आमचं घर मराठी ख्रिस्ती. वडील अमरावतीकडचे, नोकरीसाठी जबलपूरला आले आणि इथलेच झाले. चर्चमध्ये सगळं हिंदीत चालतं, बाजार हिंदीत, शाळा हिंदी-इंग्रजीत. मराठी उरली ती घरात, आणि घरातही मुख्यतः संध्याकाळच्या प्रार्थनेत. ती प्रार्थना आई घ्यायची. मागच्या खोलीतून, कॉटवर बसूनच ती आम्हाला हाक मारायची, आम्ही तिच्याभोवती बसायचो. गेल्या वर्षी मार्चमध्ये आई गेली, आणि प्रार्थना माझ्याकडे आली.

मी ती फार मन लावून घ्यायला लागलो. आई असताना मी निम्म्या वेळा फिरतीवर असायचो. मी बियाणांच्या एका खासगी कंपनीत आहे, आणि पाटनकडची गावं माझ्याकडे आहेत. आता मात्र सात वाजले की बैठकीत चटई टाकून मी तयार. मराठीही मनावर घेतली. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. तिला मराठी सगळी समजते, पण बोलताना अर्धी हिंदी येते, आणि लिंगाचा तर रोज गोंधळ. ती 'माझी पेन' म्हणायची, मी म्हणायचो, 'माझं पेन'. ती 'मोठी गर्दी झाला' म्हणायची, मी दुरुस्त करायचो. आईनंतर ही भाषा आपल्या हातून सुटू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

प्रार्थनेत मी एक वाक्य रोज म्हणायचो. ते कुठून आलं मला तेव्हा माहीत नव्हतं. "हे प्रभू, या घरातल्या प्रत्येक खोलीत तुझ्या आत्म्याचा वावर असू दे."

बायको पहिल्या दिवशी हसली होती. आमच्या वऱ्हाडात वावर म्हणजे शेत. "वावर पाटनलाच सोडून येत जा," ती म्हणाली, "घरात कुठं पेरता मटार." मी रागावलो होतो. प्रार्थनेत थट्टा नको, म्हणालो.

आईच्या दफनाच्या दिवशी, कबरस्तानातून परत येताना, मुलीनं मला विचारलं होतं की आजी आता कुठे आहे. मी कंपनीची गाडी चालवत होतो आणि माझा आवाज नीट निघत नव्हता. मी म्हणालो, आजीचं शरीर मातीत गेलं, आजीचा आत्मा आहे. 'आहे'च्या पुढे कुठे आहे, कोणाजवळ आहे, हे बोलायचं होतं. बोललो नाही. पुढे कधी तरी सांगू असं वाटलं, आणि मग ते राहून गेलं.

त्यानंतर मुलगी मागच्या खोलीत जाईनाशी झाली. तिची पुस्तकं, खेळणी, सगळं तिथल्याच कपाटात होतं. ती तिच्या आईला सांगायची, तू आणून दे. रात्री आमच्या दोघांच्या मध्ये झोपायला लागली. आम्ही समजलो की आजीची आठवण येते. आम्ही तिला जवळ घ्यायचो.

मे महिन्यात एकदा प्रार्थनेनंतर ती म्हणाली, "पप्पा, ती आत्मा आपल्या घरी रोज येते का?"

मी म्हणालो, "ती नाही बेटा. तो. तो आत्मा. आणि येतो नाही म्हणायचं. असतो. नेहमीच असतो."

"रात को भी?"

"रात्रीसुद्धा. तो कधी झोपत नाही."

मला फार समाधान वाटलं. मी बायकोला सांगितलं, पाहा, पोरगी आता असे प्रश्न विचारून राहिली. तशी ती पुढेही विचारायची, पावसाळ्यात दोनदा, दसऱ्याच्या आसपास एकदा. "ती आत्मा सगळ्या खोलीत फिरते?" मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "तो. फिरतो." एकदा तर मी तिला वहीत पाच वेळा लिहायला लावलं. तो आत्मा, तो आत्मा. तिनं सुंदर अक्षरात लिहून दिलं.

ज्यांना हिंदीची सवय नाही त्यांना हे कदाचित लगेच उमगणार नाही. चर्चच्या हिंदीत पवित्र आत्मा पुल्लिंगीच आहे, आपल्यासारखा. पण शाळेच्या बसमधली, टीव्हीवरची, जिन्यात बसून सांगितलेल्या गोष्टींमधली आत्मा स्त्रीलिंगी आहे, आणि ती भटकते. तिचे केस मोकळे असतात. माझी मुलगी व्याकरण चुकत नव्हती. ती मला दुसऱ्याच कुणाबद्दल विचारत होती. मी जन्मभर याच शहरात राहिलो, हिंदीत धंदा करतो, आणि मला ते ऐकू आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये कॉलनीच्या ग्रुपवर निरोप आला. एकतीस तारखेला संध्याकाळी मुलांनी डरावनी ड्रेस घालून गेटपाशी जमायचं, मग मजल्यामजल्यावर फिरायचं. मुलीनं तो आधीच वाचला होता. मी पाटनहून आलो, पायात अजून बूट होते, तेव्हाच ती समोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, या साली मी जाऊ? फक्त एकदा. भूत बनायचंय."

मागची दोन वर्षं ती मागायची ती चॉकलेटांसाठी. नाही म्हटलं की थोडी रुसायची आणि विसरायची. या वेळी ती रुसली नाही. ती रडकुंडीला आली, हात जोडले, म्हणाली चॉकलेट नको, एकही आणणार नाही, फक्त भूत बनू द्या. मला ते विचित्र वाटलं आणि मी जास्तच कडक झालो. आपण उजेडाची लेकरं आहोत, वगैरे जे मला बोलता येतं ते सगळं बोललो. ती ऐकत उभी राहिली. बोलणं संपल्यावर म्हणाली, "ठीक है," आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. त्या यवतमाळच्या, नवरा बँकेत, बदलीनं इथे आलेले. त्यांची मुलगी माझ्या मुलीची जिवाभावाची मैत्रीण. कार्यक्रम त्यांनीच सुरू केलेला.

"भाऊ, पोरीला पाठवून नाही राहिले म्हणे."

"ताई, आमच्यात नाही करत ते."

"अच्छा. म्हणजे आमची भुतं तुम्हाला चालत नाही."

"तुमची कुठली, ताई. ती तर इंग्रजांची भुतं."

"मग तर आमच्यापेक्षा तुमच्याच जवळची झाली न," त्या म्हणाल्या आणि हसत वर गेल्या.

त्यांच्या मनात काही नव्हतं. आमच्या नाताळचा केक त्या डबा घेऊन येऊन नेतात. पण मला ते दिवसभर टोचत राहिलं. रविवारी उपासनेनंतर मी पास्टरजींना गाठलं. संडेस्कूलचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे ऐकून घेतलं जातं. मी म्हणालो, मुलं तिकडे खेचली जातात, काही तरी करायला पाहिजे. पास्टरजी माझ्याहून तरुण आहेत. ते म्हणाले, "भैया, मना करो तो बदले में कुछ दो भी. खाली हाथ बच्चा कितनी देर बैठेगा."

म्हणून आम्ही ठरवलं. त्याच दिवशी, त्याच वेळी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये 'उजियारे की शाम'. मुलांनी आपल्या पवित्र शास्त्रातल्या माणसांचे वेश करून यायचं, आपली गोष्ट सांगायची, गाणी म्हणायची, समोसे आणि खोव्याची जिलबी. मी दोन आठवडे त्याच्या मागे होतो. मटाराच्या पेरणीचे दिवस, शेतकऱ्यांचे फोन, आणि मी मधल्या वेळात बरण्यांना रंगीत कागद लावत बसायचो, आत मेणबत्ती ठेवायला. मनापासून करत होतो. मुलीला काहीतरी परत द्यायचं होतं.

मी तिला विचारलं, तू कोण होणार. राणी हो, म्हणालो, किंवा शास्त्रातली ओंब्या वेचणारी ती सून. बायकोची एक छान साडी मी काढूनही ठेवली होती.

तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, "तो होते, पप्पा. कब्रमधून निकलतो तो. चार दिन बाद."

बेथानीचा तो माणूस. मेलेला, गुंडाळलेला, आणि प्रभूची हाक ऐकून चालत बाहेर आलेला. मी अवाक झालो. नऊ वर्षांच्या मुलीनं राणी सोडून हे मागावं. संडेस्कूलच्या दीदींना सांगितलं, पास्टरजींना सांगितलं, पाटनच्या एका दुकानदारालाही सांगितलं, जो जैन आहे आणि ज्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती. आजी गेल्यापासून पोरगी पुनरुत्थानाचा विचार करते आहे, असं मी लोकांना सांगत सुटलो.

बायको मात्र कपाळाला आठ्या घालून होती. "तिला विचारा तरी, हेच काहून पाहिजे."

"त्यात काय विचारायचं."

"तुम्ही सांगून राहिले दुनियेला. तिला विचारलं का एकदा."

नाही विचारलं. विचारलं असतं तर माझी सुंदर समजूत मोडली असती, असं आता वाटतं.

एकतीस तारखेला बायकोनं तिला गुंडाळलं. जुन्या पांढऱ्या चादरीच्या पट्ट्या, हातापायांना क्रेप बँडेज, चेहऱ्यावरही एक पातळ फडका, डोळ्यांपुरती फट ठेवून. मुलगी एकदम शांत उभी राहिली. कुरकुर नाही, गुदगुल्या नाहीत. आरशात पाहिलं, मग विचारलं, "मम्मी, मी ओळखू येते?" बायको म्हणाली, "सगी आईसुद्धा ओळखणार नाही." तेव्हा ती कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

हॉलमध्ये वीस-बावीस मुलं होती. तीन ज्ञानी राजांचे मुकुट एकाच सोनेरी कागदातून कापलेले. दोन मासेमार कोळी एकाच मच्छरदाणीत शिरलेले आणि आतून भांडणारे. एक देवदूत समोसा खाऊन पंखांना हात पुसत होता. बरण्यांमधल्या मेणबत्त्या लागल्या होत्या आणि खरंच सुंदर दिसत होतं. मी हे मुद्दाम सांगतो. ती संध्याकाळ वाईट नव्हती. मुलं खूश होती.

मुलीची पाळी आली. टेबलावर घोंगडी टाकून गुहा केली होती. मी गोष्ट सांगत होतो, हिंदीत, आणि बाहेर बोलावण्याची वेळ आली तेव्हा सगळ्या मुलांनी मिळून हाक मारली. ती वाकून बाहेर आली, दोन्ही हात शरीराला चिकटवून, हळूहळू. टाळ्या पडल्या. आता गोष्टीप्रमाणे तिच्या पट्ट्या सोडायच्या होत्या. ते काम माझं. मी हाताच्या सोडल्या. मग चेहऱ्यावरच्या फडक्याला हात लावला.

तिनं तो घट्ट धरला.

मला वाटलं नाटक करते आहे. मी हसत ओढला. तिनं मान झटकली. मी आणखी ओढला, लोक पाहत होते, गोष्ट पूर्ण व्हायची होती. तेव्हा ती ओरडली. "मत खोलो, पप्पा. पहचान लेगी."

"कोण ओळखेल?"

"आत्मा."

मी आज खोटं लिहिणार नाही. माझ्या तोंडात 'तो' आला होता. सगळ्या मंडळीसमोर, रडणाऱ्या लेकराच्या तोंडावरचा कपडा हातात धरून, मी तिच्या शब्दाचं लिंग दुरुस्त करायला निघालो होतो. शब्द जिभेवर आला आणि तिथेच थांबला, कारण तिचं 'लेगी' मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

पास्टरजींनी लगेच गाणं सुरू केलं. बायकोनं मुलीला उचललं आणि आम्ही मागच्या दारानं बाहेर पायरीवर आलो. संध्याकाळची थंडी पडायला लागली होती. मुलीनं फडका तसाच ठेवला होता, तिचे फक्त डोळे दिसत होते. बायकोनं विचारलं, मी नाही.

"कोणती आत्मा, बेटा?"

"घरातली. पप्पा रोज बुलाते ना."

मग तुकड्यातुकड्यानं सगळं बाहेर आलं. आजीची आत्मा घरात आहे, पप्पांनीच सांगितलं गाडीत. ती झोपत नाही. ती खोलीखोलीत फिरते, आणि पप्पा रोज देवाला सांगतात की तिला फिरू दे. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं की जो भूत बनता है उसको भूत कुछ नहीं करता, वो समझता है अपना वाला है. म्हणून फक्त एकदा बनायचं होतं. पप्पांनी भूत बनू दिलं नाही. मग तिला वाटलं, कब्रमधला माणूस चालेल. तो दिसतो तसाच.

"मम्मी," ती म्हणाली, "आजी तर अपनी होती ना. तिची भीती नाही वाटली पाहिजे. पाप है ना ये?"

बायको म्हणाली, "नाही ग माय. भीती वाटते तेव्हा वाटते. त्यात कायचं पाप."

मी पायरीवर बसलो होतो. मला जे वाटलं ते सांगणं कठीण आहे. भीती मी दिली, हे तर होतंच. पण भीतीबरोबर तो प्रश्नही मीच दिला होता. पाप आहे का हे. नऊ वर्षांची असताना ती प्रत्येक गोष्टीला तो प्रश्न लावत होती, जसा मी लावतो. आजीला घाबरते म्हणून स्वतःला दोषी समजत होती, आणि म्हणून सात महिने कुणाला बोलली नाही.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "कोई बात नहीं," जसं मोठी माणसं म्हणतात. ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

जिलबी न खाता आम्ही निघालो. स्कूटरवर तिघं, ती मध्ये. रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शिंगाड्याची गाडी होती. बायको म्हणाली घ्या थोडे, आणि आम्ही घेतले. कॉलनीच्या गेटपाशी भुतांची रांग अजून होती. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या मुलीला खालून वर पाहिलं.

"अरे, हे तर सगळ्यात भारी भूत आलं. कुठून आणलं, भाऊ?"

"चर्चमधून," बायको म्हणाली.

त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला हात लावावा लागला. त्यांची मुलगी धावत आली, माझ्या मुलीचा हात धरून ओढायला लागली, चल न, अभी तो चौथा मजला बाकी है. मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

मी विचार केला. मला ते पटत नव्हतं, आजही पटत नाही. पण तिला जे हवं होतं ते चॉकलेट नव्हतं, थट्टाही नव्हती. मी म्हणालो, "जायचं असेल तर जा."

"तुम्ही?"

"मी वर जातो घरी."

"अकेले?"

"हो. मम्मी तुझ्यासोबत राहील."

तिनं हात सोडवून घेतला. मैत्रिणीला म्हणाली, "नहीं यार, आज नहीं." मग माझ्या कानाशी येऊन, फडक्यातूनच बोलली, "तुम्ही एकटेच राहणार ना तिच्यासोबत. मी पण येते."

आम्ही वर गेलो. बायको खालीच थांबली, शिंगाड्यांचा पुडा त्या बाईंच्या हातात देत. मला वाटतं मुद्दाम थांबली. मी बैठकीतला दिवा लावला. मुलगी उंबऱ्याशी उभी राहून आत पाहत होती. मी म्हणालो, "चल, बघू या. मागच्या खोलीत कोणी नाही. मी दाखवतो."

"तुम्ही पण तिथं जात नाही," ती म्हणाली.

"जातो की."

"नाही जात. मार्चपासून. अन् प्रार्थनेच्या पहिले तुम्ही त्या खोलीचं दार बंद करता. कडी लावता. म्हणून तर मला समजलं ती तिथं आहे."

दार मी बंद करायचो. धूळ येते म्हणून, असं मला वाटायचं. कोणी विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं, आणि ते खरं आहे असं मानून.

मार्चमधल्या त्या दिवशी बायकोचा दुपारी फोन आला होता की आईला बरं वाटत नाही, या. मी पाटनला एका शेतावर होतो, चाळीस-पन्नास शेतकरी जमवले होते. मी म्हणालो, संध्याकाळी येतो. आईला सांग, येतो आहे. संध्याकाळी आलो तेव्हा बायकोनं तिचे डोळे मिटवून ठेवले होते. कॉटच्या बाजूला खुर्ची ओढून ठेवली होती. बायको नंतर म्हणाली की ती आईनंच ओढायला लावली होती, माझ्यासाठी. मी त्या खुर्चीवर बसलो नाही. दफनानंतर त्या खोलीत गेलोच नाही. आणि रोज देवाला सांगत राहिलो की प्रत्येक खोलीत तुझा आत्मा असू दे. जिथे मला जायचं नव्हतं तिथे मी त्याला पाठवत होतो.

मी कडी काढली. आत बंद वास होता, निलगिरीच्या तेलाचा आणि जुन्या कपड्यांचा. दिव्याचं बटण सापडेना, कारण आई कॅलेंडर त्यावरच लावायची. शेवटी लागलं. कॉट, कपाट, खुर्ची. खुर्ची अजून तशीच तिरपी होती.

मी तिच्यावर बसलो. मुलगी दारात.

मी तिला सांगितलं. आत्मा हा शब्दच वापरला नाही. म्हणालो, आजी इथे नाही. आजी गेली आहे, देवाजवळ आहे, ती फिरत नाही. गाडीत मी हे पूर्ण सांगायला पाहिजे होतं. आणि मी या खोलीत येत नव्हतो तो भुतामुळे नाही. आजी मला बोलवत होती आणि मी वेळेवर आलो नाही, म्हणून मला इथे यायची लाज वाटत होती.

"आजी गुस्सा थी?"

"माहीत नाही. मम्मी म्हणते नव्हती."

"मग तुम्ही पण डरत होते."

"हो."

"मला सांगितलं का नाही?"

मी म्हणालो, मला वाटलं पप्पांनी घाबरायचं नसतं. ती म्हणाली, "सब डरते हैं," आणि तोंडावरचा फडका स्वतःच्या हातानं काढला, कारण आत घाम येऊन खाजत होतं. चेहऱ्यावर पट्टीचे वळ उमटले होते. मग ती आत आली, भिंतीला धरून, कॉटच्या टोकाला बसली, पाय वर घेतले. खाली पाय सोडायचे नव्हते तिला.

बायको वर आली तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो. त्या दिवशी प्रार्थना तिनंच घेतली, तिथेच. दोन वाक्यांची. आम्हाला भीती वाटते तेव्हा जवळ राहा, आणि आमचं बोलणं आम्हाला समजू दे. मुलगी आमेन म्हणाली, तिच्यामागून मी.

हे संपलं असं नाही. ती अजून त्या खोलीत झोपत नाही. मी तिला पटवलं असं मी म्हणणार नाही, आणि या ऑक्टोबरात काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. पास्टरजी म्हणतात, बरण्या सांभाळून ठेवा. मुलगी म्हणते, या वेळी कोळी होऊन मच्छरदाणीत शिरायचं आहे. मैत्रिणीलाही हॉलमध्ये आणायचं म्हणते, आणि मग कॉलनीतल्या भुतांमध्येही जायचं म्हणते. त्या दुसऱ्या भागाला मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. काय ते म्हणण्याआधी, काहून जायचं आहे, एवढं विचारेन.

सध्या संध्याकाळी मागच्या खोलीची खिडकी उघडायला आम्ही दोघं जातो. पहिले कोणी आत जायचं यावरून दारात ढकलाढकली होते. बहुतेक वेळा ती मला पुढे करते. कधी कधी मी थांबतो, जरा जास्तच वेळ, तेव्हा ती सुस्कारा टाकून माझ्या कोपराखालून आत शिरते आणि दिवा लावते.